१९४६च्या तीन तारा : महासत्ता उद्या काय करणार, हे कोणी कसं ओळखलं?



सिनॉप्सिस सादर करताना समोरच्या तज्ज्ञांकडून एक प्रश्न हमखास येतो : "हे तुम्ही कशावरून म्हणता?" प्रश्न साधा वाटतो, पण भल्याभल्यांची तिथे गाडी अडते. आज हाच प्रश्न आपण इतिहासातल्या तीन माणसांना विचारणार आहोत. तिघेही मुत्सद्दी. तिघांनी १९४६ या एकाच वर्षात एका बड्या राष्ट्राचं पुढचं परराष्ट्र धोरण कसं असेल, याचा अंदाज आपापल्या सरकारला कळवला. त्या अंदाजांवर पुढे सैन्यं हलली, पैसा ओतला गेला, करार झाले. म्हणजे अंदाज चुकला तर फक्त मार्क जाणार, अशी परिस्थिती नव्हती.

मी मूळचा विज्ञान शाखेचा. त्यामुळे ही कागदपत्रं वाचताना माझं लक्ष राजकारणाइतकंच पद्धतीकडे जातं. डेटा कुठून आला? तुलना कशाशी केली? कोणता घटक गृहीत धरला आणि कोणता गाळला? या तीन तारा शेजारी शेजारी ठेवल्या की संशोधन पद्धतीचा एक अख्खा धडाच समोर उभा राहतो.

आधी थोडी पार्श्वभूमी

१९४५मध्ये दुसरं महायुद्ध संपलं. जर्मनी आणि जपान हरले होते, ब्रिटन जिंकूनही कर्जात बुडालं होतं. खऱ्या अर्थाने दोनच मोठ्या सत्ता उरल्या, अमेरिका आणि सोव्हिएत संघ. युद्धात दोघं एकाच बाजूला होते. आता पुढे काय? रूझवेल्ट एप्रिल १९४५मध्ये वारले आणि ट्रुमन अध्यक्ष झाले. ऑगस्टमध्ये हिरोशिमा आणि नागासाकीवर अणुबॉम्ब पडले. इराणमधून सोव्हिएत फौजा २ मार्च १९४६पर्यंत निघायला हव्या होत्या, त्या निघाल्या नाहीत.

त्यात ९ फेब्रुवारी १९४६ रोजी मॉस्कोच्या बोल्शोई थिएटरमध्ये स्टालिनने निवडणुकीचं भाषण केलं. वर्षाला ६ कोटी टन पोलाद, ५० कोटी टन कोळसा, ६ कोटी टन तेल अशी उद्दिष्टं त्याने सांगितली आणि त्यासाठी कदाचित आणखी तीन पंचवार्षिक योजना लागतील, असं म्हटलं. वॉशिंग्टनमधल्या अनेकांना ही युद्धाची तयारी वाटली. आता गंमत बघा. अमेरिकेने एकट्या १९४५ सालात ७ कोटी टनांहून जास्त पोलाद काढलं होतं. म्हणजे स्टालिन पंधरा वर्षांनंतरचं जे स्वप्न दाखवत होता, त्याच्या पुढे अमेरिका आधीच होती. आकडा तोच, पण तो कशाशेजारी ठेवून वाचला यावर अर्थ बदलला. हा मुद्दा लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

पहिली तार : जॉर्ज केनन, मॉस्को, २२ फेब्रुवारी

अमेरिकेचे मॉस्कोतले राजदूत हॅरिमन नुकतेच गेले होते आणि दूतावासाचा कारभार केनन यांच्याकडे होता. वय ४२. रशियन भाषा उत्तम, रशियाच्या इतिहासाचा अभ्यास दांडगा. वॉशिंग्टनकडून विचारणा आली की सोव्हिएत संघ असं का वागतोय? केनन तेव्हा सर्दी-तापाने अंथरुणात होते. त्यांनी पाच भागांची लांबलचक तार पाठवली. इतिहासात ती 'लाँग टेलिग्राम' म्हणूनच ओळखली जाते.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : सोव्हिएत नेत्यांच्या संशयी वागण्याचं मूळ बाहेरच्या जगात नाही, ते रशियाच्या आत आहे. शतकानुशतकांची असुरक्षितता आणि त्यावर मार्क्सवादाचं आवरण. अशा सत्तेला युक्तिवादाने पटवता येत नाही, पण समोर ताकद दिसली तर ती मागे सरते. तिला हिटलरसारखी घाई नाही, ती विनाकारण जुगार खेळत नाही. म्हणून युद्धाची गरज नाही. ठाम राहा आणि स्वतःचा समाज निरोगी ठेवा. शेवटी त्यांनी इशारा दिला की सर्वांत मोठा धोका आपण त्यांच्यासारखे होण्याचा आहे.

तार गाजली. नौदलमंत्री जेम्स फॉरेस्टल यांनी ती मोठ्या प्रमाणावर वाटली. पुढच्या वर्षी, जुलै १९४७मध्ये, केनन यांनी 'फॉरिन अफेअर्स'मध्ये 'एक्स' या टोपणनावाने लेख लिहिला आणि 'कंटेनमेंट' म्हणजे रोखून धरण्याचं धोरण जगाला माहीत झालं.

इथे लिटरेचर रिव्ह्यू करणाऱ्यांसाठी एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट. केनन यांनी नंतर आत्मचरित्रात लिहिलं की तार ८,००० शब्दांची होती. कितीतरी पुस्तकांत हाच आकडा उतरत गेला. प्रत्यक्ष मजकूर मोजला तर तो ५,००० शब्दांहून थोडा जास्त भरतो. लिहिणाऱ्यानेच सांगितलेला आकडा, मग तपासायचा कशाला? म्हणून तो तसाच पुढे जात राहिला. मूळ मजकूर उपलब्ध असताना आठवणींवर विसंबायचं नाही, यासाठी याहून सोपं उदाहरण मला तरी माहीत नाही.

दुसरी तार : फ्रँक रॉबर्ट्स, मॉस्को, मार्च

ब्रिटिश दूतावासातही योगायोगाने तीच स्थिती होती. राजदूत गेलेले, कारभार रॉबर्ट्स यांच्याकडे. केनन आणि रॉबर्ट्स यांची चांगली ओळख होती, त्यामुळे दोघांच्या विश्लेषणात साम्य दिसणं स्वाभाविक आहे. १४ मार्चपासून चार-पाच दिवसांत रॉबर्ट्स यांनी परराष्ट्रमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांना तारा पाठवल्या. पाठोपाठ एप्रिलमध्ये ब्रिटिश परराष्ट्र खात्यात सोव्हिएत धोरणावर नजर ठेवणारी 'रशिया कमिटी' सुरू झाली.

रॉबर्ट्सही सोव्हिएत विस्ताराबद्दल सावध करतात, पण सूर वेगळा आहे. ब्रिटन आणि रशिया यांचा जुना संबंध ते मांडतात : कधी शत्रू, कधी मित्र, पण शेकडो वर्षं एकमेकांना ओळखणारे. त्यामुळे धीराने, ठामपणे वागलं तर एकमेकांना सांभाळून राहणं शक्य आहे, असं ते सुचवतात. 'रशिया काय करेल' या प्रश्नात 'आपण काय करू' हा भाग त्यांच्याकडे जास्त ठळक आहे.

तिसरी तार : निकोलाय नोव्हिकोव्ह, २७ सप्टेंबर

आता आरशाची दुसरी बाजू. नोव्हिकोव्ह हे सोव्हिएत संघाचे अमेरिकेतले राजदूत. पॅरिसमध्ये शांतता परिषद चालू असताना परराष्ट्रमंत्री मोलोतोव्ह यांनी त्यांना अमेरिकेच्या युद्धोत्तर परराष्ट्र धोरणावर लिहायला सांगितलं. म्हणायला तार, पण स्वरूप अहवालाचं.

त्यांचा निष्कर्ष : अमेरिकेला जगावर वर्चस्व हवं आहे आणि त्यामागे मक्तेदार भांडवल आहे. रूझवेल्ट गेल्यावर सहकार्याची धार बोथट झाली आहे. व्यापारमंत्री हेन्री वॉलेस यांनी रशियाशी जुळवून घेण्याच्या बाजूने भाषण केलं आणि २० सप्टेंबरला त्यांना पद सोडावं लागलं. नोव्हिकोव्ह यांच्या दृष्टीने हा पुरावाच होता. दूरदूरच्या महासागरांत अमेरिकेचे तळ उभे राहत आहेत, ते बचावासाठी असूच शकत नाहीत, हे दुसरं कारण.

आणि मग लष्करी खर्च. १९४६-४७च्या अंदाजपत्रकात लष्कर आणि नौदलावर १३ अब्ज डॉलर, एकूण ३६ अब्जांपैकी 'सुमारे ४० टक्के', आणि १९३८च्या तुलनेत दहापटीहून जास्त, असं ते लिहितात. कॅल्क्युलेटर काढा. १३ भागिले ३६ म्हणजे ३६ टक्के. चाळीसकडे ओढलेला आकडा आहे, पण ही फार मोठी बाब नाही. खरी गोम तुलनेच्या वर्षात आहे. १९३८ हे अमेरिकेच्या दृष्टीने शांततेचं वर्ष, तिथून मोजलं तर खर्च दहापट वाढला. १९४५च्या आर्थिक वर्षात मात्र अमेरिकेचा संरक्षण खर्च ८० अब्ज डॉलरच्या वर होता. तिथून मोजलं तर खर्च कोसळला. सैनिक १९४५मध्ये १ कोटी २० लाखांच्या आसपास होते, १९४७च्या मध्यापर्यंत ते १५ लाखांवर आले.

दोन्ही तुलना खऱ्या. एकीतून 'अमेरिका युद्धाची तयारी करतेय' असं निघतं, दुसरीतून 'अमेरिका सैन्य घरी पाठवतेय' असं निघतं. प्रयोगशाळेत आपण ज्याला बेसलाइन म्हणतो, ती कोणती निवडली यावर निष्कर्ष फिरला. नोव्हिकोव्ह यांनी खोटं लिहिलं नाही. दुसरी बेसलाइन त्यांनी दाखवली नाही, एवढंच.

हे अहवाल कोणासाठी लिहिले होते?

कागद वाचण्याआधी तो कोणासाठी लिहिला आहे हे विचारायचं, हा इतिहासकारांचा पहिला नियम. नोव्हिकोव्ह यांच्या अहवालावर मोलोतोव्ह यांनी जागोजागी रेघा मारल्या आहेत, समासात खुणा केल्या आहेत. पुढे नोव्हिकोव्ह यांनी आठवणींत लिहिलं की हा अहवाल पूर्णपणे आपला म्हणता येणार नाही, कारण त्यात मोलोतोव्ह यांच्या सूचनांचा मोठा वाटा होता. म्हणजे वरिष्ठांना जे ऐकायचं होतं ते मॉस्कोहून निघालं, राजदूताच्या कागदावर उतरलं आणि 'पुरावा' बनून परत मॉस्कोला पोचलं. विज्ञानात याला आपण काय म्हणू? उपकरणाने स्वतःचाच आवाज सिग्नल म्हणून नोंदवला, असंच ना!

पण हे फक्त मॉस्कोत होत होतं असं समजू नका. नोव्हिकोव्ह यांच्या अहवालाच्या बरोबर तीन दिवस आधी, २४ सप्टेंबर १९४६ रोजी, ट्रुमन यांच्या हाती क्लार्क क्लिफर्ड आणि जॉर्ज एल्सी यांनी तयार केलेला सोव्हिएत धोरणावरचा गुप्त अहवाल पडला. त्यांनी सरकारमधल्या वरिष्ठांची मतं गोळा केली होती. केनन यांच्या तारेनंतर तोवर बहुतेकांचं मत एकाच दिशेने झुकलेलं होतं, त्यामुळे गोळाबेरीजही त्याच दिशेची झाली. अहवाल इतका स्फोटक होता की ट्रुमन यांनी सगळ्या प्रती ताब्यात घेऊन कुलूपबंद केल्या. तो लोकांसमोर आला १९६८मध्ये. नोव्हिकोव्ह यांचा अहवाल तर १९९०मध्ये उघड झाला. तेव्हा केनन हयात होते. त्यांनी तो वाचून त्यावर टिपणही लिहिलं.

ज्यांनी १९६०च्या किंवा ८०च्या दशकात शीतयुद्धावर पीएचडी केली, त्यांच्यासमोर हा कागदच नव्हता. त्यांचे प्रबंध म्हणून वाईट ठरत नाहीत. पण एखाद्या विषयावरचं पुस्तक हातात घेताना, ते लिहिलं गेलं तेव्हा कोणती दप्तरं उघडी होती, हे बघायलाच हवं.

अंदाज कितपत खरे ठरले?

केनन यांचा एक अंदाज लगेच खरा ठरला. दबाव वाढल्यावर मे १९४६पर्यंत सोव्हिएत फौजा इराणमधून निघाल्या. १९४७च्या लेखात त्यांनी असंही म्हटलं होतं की सोव्हिएत सत्तेच्या आतच तिच्या ऱ्हासाची बीजं असू शकतात आणि पक्षाची एकजूट फुटली तर ती फार लवकर दुबळी होईल. १९९१मध्ये जे घडलं ते सगळ्यांना माहीत आहे.

पण त्यांच्या मांडणीत एक शब्द सैल राहिला. 'रोखायचं' म्हणजे कशाने? राजकीय-आर्थिक बळाने की सैन्याने? पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी १९४७मध्येच लेखमाला लिहून हे बोट ठेवलं. हे धोरण अमेरिकेला जगाच्या प्रत्येक कोपऱ्यात गुंतवून ठेवेल, अशी त्यांची टीका होती. केनन नंतर सांगत राहिले की आपल्याला लष्करी अर्थ अभिप्रेत नव्हता. नाटो आणि हायड्रोजन बॉम्ब, दोन्हींना त्यांनी विरोध केला. तोवर उशीर झाला होता. १९५०मध्ये पॉल निट्झ यांच्या पुढाकाराने एनएससी-६८ हा दस्तऐवज तयार झाला आणि 'रोखणं' म्हणजे प्रचंड शस्त्रसज्जता, असा अर्थ पक्का झाला. प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात संज्ञांच्या व्याख्या कशाला लिहायच्या, अशी कुरकुर करणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर आठवावा.

नोव्हिकोव्ह यांचंही काही बरोबर आलं. अमेरिका आता पहिल्या महायुद्धानंतरसारखी घरी परतणार नाही, हे त्यांनी नेमकं ओळखलं. जर्मनीच्या बाबतीतही त्यांची भीती निराधार नव्हती. पण अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात मध्यपूर्वेवरून कलह वाढत जाईल, हा अंदाज फसला. लेनिनच्या सिद्धांतानुसार भांडवलशाही साम्राज्यं आपसात भांडणारच, आणि नोव्हिकोव्ह यांनी आकडे त्या साच्यात बसवले. प्रत्यक्षात काय झालं? फेब्रुवारी १९४७मध्ये ब्रिटनने सांगितलं की ग्रीस आणि तुर्कस्तानचा भार आता आम्हाला झेपत नाही. १२ मार्चला ट्रुमन यांनी तो भार उचलण्याची घोषणा केली. ५ जूनला मार्शल योजनेचं सूतोवाच झालं आणि २ जुलैला मोलोतोव्ह पॅरिसची बैठक सोडून निघून गेले. एप्रिल १९४९मध्ये नाटो आली. भांडणाऐवजी दोघांची युती घट्ट झाली.

गाळलेला घटक

केनन आणि नोव्हिकोव्ह दोघंही हुशार. मग दोघांच्या मांडणीत कमी काय आहे? माझ्या मते एकच घटक दोघांनीही गाळला आहे : आपलं स्वतःचं वागणं.

केनन म्हणतात सोव्हिएत भीती आतून येते. मग हिरोशिमानंतर मॉस्कोला काय वाटलं असेल, हा प्रश्नच उरत नाही. नोव्हिकोव्ह म्हणतात अमेरिकेचा विस्तार भांडवलातून येतो. मग इराणमध्ये रेंगाळलेल्या फौजा किंवा ऑगस्ट १९४६मध्ये तुर्कस्तानच्या सामुद्रधुनींबाबत मॉस्कोने केलेल्या मागण्या यांचा वॉशिंग्टनवर काय परिणाम झाला, हे विचारायचं कारण राहत नाही. समोरच्याचं वागणं शंभर टक्के त्याच्या स्वभावातून येतं असं एकदा धरलं, की आपल्या कृतीला समीकरणात जागाच राहत नाही. आणि मग त्या अंदाजावर आधारलेली आपली कृती समोरच्यासाठी नवा पुरावा बनते. तो सावध होतो, त्याचं सावध होणं आपल्याला पुरावा वाटतं. अशा रीतीने तारा एकमेकींना खरं ठरवत गेल्या.

भारताला तेव्हा काय दिसत होतं?

याच सप्टेंबरमध्ये, २ तारखेला, दिल्लीत अंतरिम सरकार आलं. ७ सप्टेंबरच्या रेडिओ भाषणात नेहरूंनी अमेरिका आणि सोव्हिएत संघ दोघांनाही शुभेच्छा दिल्या आणि एकमेकांविरुद्ध उभ्या गटांच्या सत्ताकारणापासून दूर राहण्याचा विचार मांडला. महिनाअखेरीस त्यांचे दूत म्हणून कृष्ण मेनन पॅरिसमध्ये मोलोतोव्ह यांना भेटले. तेच मोलोतोव्ह, तेच पॅरिस, जवळजवळ तेच दिवस! एकाच शहरात एकीकडे जग दोन गटांत मांडणारा अहवाल घडत होता आणि दुसरीकडे त्या मांडणीत न बसणारा देश दार ठोठावत होता.

साचा मात्र चिवट असतो. सप्टेंबर १९४७मध्ये झ्दानोव्ह यांनी जगाचे 'दोन गोट' जाहीर केले. तिसऱ्याला जागाच नाही. त्याचे पडसाद थेट आपल्याकडे उमटले. १९४८च्या कलकत्ता अधिवेशनात कम्युनिस्ट पक्षाची सूत्रं पी. सी. जोशी यांच्याकडून बी. टी. रणदिवे यांच्याकडे गेली आणि पक्षाने नेहरू सरकारला साम्राज्यवादाच्या गोटात ढकलून उठावाचा मार्ग धरला. त्याची किंमत कार्यकर्त्यांनी तुरुंगात आणि गोळीबारात मोजली. मॉस्कोतही विजयालक्ष्मी पंडित १९४७ ते १९४९ राजदूत होत्या, पण स्टालिनची भेट त्यांना मिळाली नाही. ती जानेवारी १९५०मध्ये राधाकृष्णन यांना मिळाली. साच्यापेक्षा वेगळी माहिती समोर येऊनही ती नोंदवायला इतकी वर्षं लागली.

तुमच्या प्रपोजलसाठी

आज चीन, अमेरिका किंवा भारत पुढच्या वीस वर्षांत काय करेल, यावर रोज लेख येतात. राज्यशास्त्र किंवा संरक्षणशास्त्रात संशोधन करू इच्छिणाऱ्यांपैकी बरेच जण असाच विषय घेऊन गाईडकडे जातात. असा कोणताही अंदाज वाचताना, आणि स्वतः मांडताना, पाच प्रश्न वहीत लिहून ठेवा.

१. लेखक कोणाला उत्तर देतोय? पगार, पद, वरिष्ठ, वाचक यांपैकी कोणाचं वजन मजकुरावर आहे?

२. आकड्यांची बेसलाइन कोणती? दुसरं वर्ष किंवा दुसरा देश घेतला तर निष्कर्ष टिकतो का?

३. मधल्या संज्ञा नेमक्या आहेत का? 'रोखणं', 'वर्चस्व', 'आक्रमक' यांचा अर्थ वाचक स्वतःच्या सोयीने लावू शकतो का?

४. काय घडलं तर हा अंदाज चुकीचा ठरेल, हे लेखकाने सांगितलंय का? नोव्हिकोव्ह यांच्या चौकटीत अमेरिकेने सैन्य कमी केलं तरी उत्तर बदलत नव्हतं. असा सिद्धांत तपासताच येत नाही.

५. लेखकाने स्वतःच्या देशाचं वागणं घटक म्हणून धरलंय का?

पाचवा प्रश्न सर्वांत अवघड आहे, कारण तिथे अभ्यासकाला आपल्याच बाजूकडे बघावं लागतं. रॉबर्ट्स यांची तार केननइतकी गाजली नाही. पण आज ती वाचताना मला तीच जास्त शिकवते, कारण तिच्यात ब्रिटनही त्या चित्रात आहे.

या आठवड्यात एक सराव करा. तिन्ही तारांचे इंग्रजी मजकूर आता वाचायला मिळतात. एका कागदावर पाच ओळी आणि तीन रकाने आखा आणि वरचे पाच प्रश्न तिघांनाही लावा. मग तोच तक्ता तुमच्या विषयावरच्या एखाद्या ताज्या लेखाला लावून बघा. निम्मे रकाने रिकामे राहिले तर निराश होऊ नका. तुमच्या संशोधनाचा प्रश्न बहुधा त्या रिकाम्या जागांमध्येच सापडेल.